आग्नेयेकडे जाण्याआधी

चिनी अभिजात नृत्यात एक नियम विद्यार्थ्यांकडून सतत घोटून घेतात. डावीकडे जायचं, तर आधी उजवीकडे झुकायचं. वर उठायचं, तर आधी श्वास सोडून खाली बसायचं. कथक शिकवताना, विशेषतः कसक-मसक या श्वासासोबतच्या नाजूक हालचाली करून घेताना, मीही श्वासाबद्दल बोलत असते. पण या उलट्या हालचालीत केवढं दुःख मावतं ते मला कळलं, ‘आग्नेयेकडे निघालेला मोर’ या जुन्या चिनी कथाकाव्यावरचं नृत्यनाट्य पाहताना.

कथा हान राजवटीच्या अखेरची, इ. स. 196 ते 220 मधली, आजच्या आन्हुई प्रांतातली. ल्यू लानझी मागावर बसून तीन दिवसांत कापडाचे पाच तागे उतरवते, तरी सासूला ती संथच वाटते. नवरा ज्याओ झोंगछिंग सरकारी कारकून. आईपुढे त्याचं काही चालत नाही. सासू लानझीला माहेरी धाडते, भाऊ तिचं दुसरं लग्न ठरवतो. लग्नाच्याच रात्री ती तळ्यात उडी घेते आणि ते कळताच तो अंगणातल्या झाडाच्या आग्नेयेकडच्या फांदीला फास लावून घेतो.

बहुतेकांचं लक्ष या मृत्यूंकडे लागलेलं असतं. माझ्या लेखी खरा प्रवेश पहाटेचा. कोंबडा आरवतो आणि सासर सोडायला निघालेली लानझी नटू लागते. रेशमी जोडे, केसांत कासवाच्या कवचाचा आकडा, कानांत मोती. मूळ कवितेत ती प्रत्येक गोष्ट चार-पाच वेळा करते. का, ते कवी सांगत नाही. ठुमरीच्या एकाच ओळीवर बसून निरनिराळे भाव दाखवणं आम्हा कथकवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण आमच्या हाताशी शब्द असतात. इथे केसांकडे जाणारा हात आधी खाली उतरतो, आणि तिला जायचं नाही हे तेवढ्यातच समजतं. पाठीचा कणा मात्र ताठ. हाकलून दिलेली बाई मानाने नटते आहे, हे त्या कण्यातून दिसायलाच हवं.

सुन यिंग यांनी हान काळातले शिल्पपट आणि थडग्यांतल्या मूर्ती अभ्यासून हान-थांग नृत्यशैली बांधली. तिच्यातली लांब बाही हातामागून उशिरा पोचते. हात थांबला तरी कापड पुढे जात राहतं. माहेरच्या वाटेवर दोघं निरोप घेतात, त्या प्रवेशाला याहून नेमकं साधन नाही: तिने हात मागे घेतलेला असतो, बाही अजून त्याच्याकडे निघालेली. मनगटाचा झटका किंचित जास्त झाला की त्याची कसरत होते. म्हणून अशा जागी मला मोठ्या उड्या, भरगच्च समूह नकोसे वाटतात.

शेवटी झोंगछिंग झाडाखाली घुटमळतो. ते भित्रेपणाचं म्हणून नाचवू नये. जन्मभर आईच्या शब्दात राहिलेला हा माणूस. आग्नेयेकडे वळण्याआधी तो आईच्या दाराकडे वळणारच. नर्तकाने ते वळण पुरतं घ्यावं, श्वास पूर्ण सोडावा, आणि मगच फांदीकडे बघावं.