नवी बंदूक घ्यायची की नको?

आजोबांची ठासणीची बंदूक आता थकली. दारू ठासा, छर्रे घाला, केप लावा... तोवर डुकरं अख्खा कुणगा लोळवून पसार! शेजारचे दादा म्हणतात, "अरे, काडतुसाची घेऊन टाक एकदाची. परवानापण आता तीनऐवजी पाच वर्षं चालतो."

दुकानात जाऊन बघूनही आलो. हलकी आहे, पटकन भरते. पण पैसे काढायला हात होईना.

कारण सांगतो. विधानसभेचं मतदान 2014 ला 15 ऑक्टोबर, 2019 ला 21 ऑक्टोबर, 2024 ला 20 नोव्हेंबर. म्हणजे आचारसंहिता नेमकी भात पिकून कापणीला येतं तेव्हा! तिन्ही वेळा आमची बंदूक पोलीस ठाण्यात आणि डुकरं शेतात. परवान्यावर लिहिलंय 'शेती संरक्षण'. मग संरक्षण करायचं कधी?

हौसेची शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली, ते योग्यच झालं. पिकात घुसलेलं डुक्कर मारायलाही लेखी परवानगी लागते. म्हणजे एरवी बंदूक आवाज काढण्यापुरतीच. तेवढं काम जुनी अजून करते.

मागणी एवढीच: ज्याच्यावर गुन्हा नाही त्याची बंदूक सरसकट जमा करू नका. जिल्ह्याची छाननी समिती आहे ना, तिने एकेक परवाना बघून ठरवावं.

तोपर्यंत नवी बंदूक रद्द. पैसे कुंपणाला घालतोय. तुमच्यापैकी कोणी नवी घेतली असेल तर खरं सांगा, कापणीच्या वेळी ती घरात होती का?