खिशातून गळ्यात

घड्याळे बंद पडतात, त्यांच्या साखळ्या मात्र बंद पडत नाहीत. घड्याळाच्या पोटात नाना नाजूक भानगडी; त्यांतली एखादी स्प्रिंग रुसली की कारभार आटोपला! साखळीला काम एकच, एका कडीने दुसरीला धरून राहायचे. तेवढे ती शंभर वर्षे बिनतक्रार करते. पण धरून ठेवण्याजोगे काही उरले नाही, की तिचेही घरात अवघड होते. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. ही अवस्था काय असते, ते पेन्शनर मंडळींना विचारावे.

खिशातल्या घड्याळाच्या चांदीच्या साखळीला इंग्रज 'अल्बर्ट' म्हणतात. हे व्हिक्टोरिया राणीच्या यजमानांचे नाव. ते १८६१ साली वारले. राणी त्यापुढे १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळ्या वस्त्रांत वावरली. साखळी मात्र सद्गृहस्थांच्या पोटांवर खुशाल लोळत राहिली. तिच्या एका टोकाला आडवी दांडी; ती जाकिटाच्या काजात अडकवायची. दुसऱ्या टोकाला फिरता आकडा, त्यात घड्याळ. शिवाय एक लोलक लोंबायचा, तो फॉब. कुणाचा फॉब म्हणजे लाखेवर उठवायचा शिक्का, कुणाचा घड्याळाची किल्ली, तर कुणाचा सामन्यात जिंकलेली चिमुकली ढाल. कडीकडीवर चालत्या सिंहाचा बारीक ठसा असतो. त्याचा अर्थ, हजारात ९२५ भाग चांदी. सोबत गलबताचा नांगर असेल, तर पारख बर्मिंगहॅमच्या कचेरीत झाली असे समजावे. ती कचेरी १७७३ पासून हेच काम करीत आली आहे.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने हा थाट संपवला. खंदकातल्या शिपायाला बटणे सोडून खिसा चाचपायला सवड कुठली? घड्याळ मनगटावर आले. गंमत अशी, की त्याआधी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई आणि पुरुष त्याला नाके मुरडीत. पुरुषांनी बायकांचे घड्याळ उचलले; त्याची परतफेड म्हणून की काय, आता बायकांनी पुरुषांची साखळी उचलली आहे.

लंडनला असलेली माझी भाची गेल्या दिवाळीत आली, ती गळ्यात अशी एक अल्बर्ट घालूनच. पोर्टोबेलो रोडवरच्या शनिवारच्या जुन्या बाजारात घेतलेली. गळ्याला तोकडी, म्हणून मागे थोडी नवी साखळी जोडलेली. आडवी दांडी पुढे आणून कडीत अडकवलेली आणि तिच्याखाली ढाल. ढालीवर कुणा अनोळखी इंग्रजाची आद्याक्षरे आणि १९११ हे साल. "परक्या पुरुषाचे नाव गळ्यात?" असे म्हणत आमच्या सौभाग्यवतींनी भुवया चढवल्या, पण बोटे साखळीवरून फिरतच होती.

त्यावरून माझ्या मुलीला आमच्या कपाटातली आजोबांची साखळी आठवली. सराफाने ती काट्यावर टाकली आणि म्हणाला, "मोडीत घाला, नवा हार घेऊन जा." त्याचे काही चुकले नाही. आपल्याकडे दागिना आटवूनच नवा होतो. आजीच्या पाटल्यांच्या सुनेला बांगड्या होतात, बांगड्यांची नातीला चेन. सोने घरात राहते, आजी तेवढी जाते. इथे तर आटवायची गरजच नव्हती. मागे दोन बोटे साखळी जोडली की काम झाले. उद्या कुणाला घड्याळ लावावेसे वाटले, तर आकडा जागच्या जागी आहेच.

अडचण निराळीच होती. ही साखळी आजोबांकडून थोरल्या काकांकडे आणि त्यांच्याकडून माझ्या वडिलांकडे आली. मुलीकडे ती जायची नाही, असा नियम कुणी केला नव्हता. जाऊ शकते हेच कुणाला सुचले नव्हते. आणि आजोबांना एक मुलगी होती. माझी आत्या. रोज रात्री अण्णांच्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम लहानपणी तिचे असे. अण्णा गेले आणि ते काम संपले. वाटणीत तिला काय आले, हे आमच्या घरात कधी बोलले जात नाही.

"आत्याआजीला विचारल्याशिवाय मी घालणार नाही," मुलगी म्हणाली.

मग सजवलेली साखळी घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावला, एकेक कडी बोटांखालून सोडली आणि कुणाला न विचारता साखळी आपल्याच गळ्यात घातली. आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग हसून म्हणाली, "अण्णांच्या पोटावरून गळ्यापर्यंत यायला हिला किती वर्षे लागली रे!"

साखळी अजून तिच्याकडेच आहे. पाडव्यापर्यंत राहू दे, म्हणाली आहे. कुठल्या पाडव्यापर्यंत, ते आम्ही विचारलेले नाही.