आमचा छंद आणि आमचा धम्म



कुटुंबाच्या पानावर लग्नकार्ये, मुलांची शिक्षणे, घरातील आजारपणे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. या खेपेस फावल्या वेळेविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. त्याला कारणही घडले. मध्यंतरी एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला चारचौघांत विचारले, "वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे, पोरांचे जातीचे दाखले अडले आहेत, आणि तुम्ही दर रविवारी अक्षरे कसली गिरवत बसता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तेथे दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

आम्ही केळव्याचे. नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात. बी.कॉम. झाल्यापासून जमा आणि खर्च हेच आमचे जग. सकाळी केळवे रोडला गाडी पकडायची, पालघर, उमरोळी करीत बोईसर गाठायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. रात्री वस्तीतील अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कोणाचे रेशनकार्ड. यातून उरलेल्या वेळात सहा वर्षांपूर्वी आम्ही ब्राह्मी लिपी शिकावयास घेतली. आपल्यापैकी अनेकजण तिला धम्मलिपी म्हणतात. सम्राट अशोकाने आपले बहुतेक लेख याच लिपीत कोरविले. पुढे ती वाचणारे कोणी उरले नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती पुन्हा उलगडली.

लिपी दिसते तितकी अवघड नाही. 'क' म्हणजे अधिकाचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ, त्यात टिंब दिले की 'थ'. 'ब' म्हणजे चौकोन. हिशेबाच्या माणसाला अधिकाचे चिन्ह 'क' म्हणून वाचताना प्रथम हसू येते, मग हात बसतो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर सुरूच्या काटकीने आम्ही अक्षरे काढीत असू. ती पाहून वस्तीतील मुले जमली. आज बारा-तेरा मुले रविवारी येतात. प्रत्येकाची चौकटीची वही आहे. त्यातूनच महिन्याचे एक भित्तिपत्रक निघते. एका बाजूला ब्राह्मीतील ओळ, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, खाली मुलांनी काढलेले चित्र. खर्च काय, तर एक कार्डशीट आणि स्केचपेने.

आता धम्माविषयी. आमच्या आजोबांनी ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या किनाऱ्यावर, बाबासाहेबांच्या चितेपुढे दीक्षा घेतली. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या दिवशी हजारो लोकांना दीक्षा दिली, त्या गर्दीत आजोबा होते. त्यांची श्रद्धा दुःखातून आणि स्वाभिमानातून आली होती. आम्हाला मात्र धम्म जन्मतःच मिळाला, घराच्या पत्त्यासारखा. वंदना तोंडपाठ होती. पण शाळेतल्या पाढ्यांत आणि तिच्यात आम्हाला त्या वयात फारसा फरक वाटत नसे. लिपीच्या निमित्ताने पाली-प्राकृत शब्दांचे अर्थ पाहू लागलो, तेव्हा एका शब्दापाशी थबकलो. पंचशीलात आपण रोज 'सिक्खापद' म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. कोणी वरून सोडलेली आज्ञा नव्हे. पाठ गिरवावा लागतो, रोज गिरवावा लागतो, 'क' गिरवतो तसाच. हे कळल्यापासून आमची वंदना बदलली.

छंद आणि धम्म यांचा संबंध आमच्या ओढाताणीने जोडलेला नाही. तो आपल्याच रेल्वेलाईनवर, नालासोपाऱ्यात दगडावर कोरलेला सापडला आहे. केळवे रोडहून विरारला जाऊन पुढे एक स्टेशन. सोपारा हे प्राचीन बंदर. तेथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणली आणि आत स्तूप निघाला. दगडी पेटीत करंडक, त्यात सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, भोवती आठ लहान मूर्ती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. हे भगवानलाल जुनागडचे. गावाजवळच्या गिरनारवरील शिलालेखाची अक्षरे त्यांनी तरुणपणी एका तक्त्याच्या आधारे स्वतःच लावली होती. असा हा मूळचा छंदच.

सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तुकडा लहान, पण पूर्ण मजकूर गिरनार आदी ठिकाणांवरून ठाऊक आहे. त्याचा आशय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. येथे विहार म्हणजे मौज, आपण वंदनेला जातो तो विहार नव्हे. शिकार आणि तसलीच करमणूक त्या यात्रेत असे. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माची चर्चा. यात अधिक आनंद आहे, असे तो सांगतो. वाचकहो, राजाने आनंद सोडला नाही. आनंदाची वाट बदलली.

आणि फावला वेळ म्हणजे चैन असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्रांची बाजू घेतली. ती अशासाठी, की यंत्रांमुळे माणसाला विसावा मिळतो आणि विसाव्यावाचून सुसंस्कृत जीवन शक्य नाही. स्वतः त्यांनी उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले. ते व्हायोलिन पुण्याला सिम्बायोसिसच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी केलेले काम महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. ज्यांच्या पूर्वजांचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्यांनी स्वतःच्या तासाभराचे काय करायचे हे स्वतः ठरविणे, हीही चळवळच आहे.

या सगळ्याची कसोटी मात्र आमच्या घरातच लागली. गेल्या उन्हाळ्यात धाकटीला कांजिण्या आल्या. डॉक्टर झाले, औषध झाले. आमच्या मातोश्रींनी शेजारणीच्या हातून गुपचूप शीतलादेवीला नारळ पाठविला. थोरल्या चिरंजीवांना ते कळले. ते बारावीत, वक्तृत्वात बक्षिसे मिळविणारे. जेवणाच्या पंगतीत त्यांनी आजीला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखविल्या आणि अंधश्रद्धाळू ठरविले. आई ताटावरून उठली. चार दिवस आमच्याबरोबर जेवली नाही.

योगायोगाने त्या महिन्यात मुलांपुढे नववा शिलालेख होता. त्याचाही तुकडा सोपारा परिसरात, भुईगावला मिळाला, आणि तोही १९५६ सालीच! त्यात अशोक म्हणतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. ते कोणते? दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान. चिरंजीव पहिला भाग मोठ्या आवाजात वाचत होते. 'गुरुजनांचा आदर' येथे आवाज उतरला. आम्ही काहीच बोललो नाही.

संध्याकाळी ते आजीपाशी जाऊन बसले. म्हणाले, "आजी, नारळ का पाठवलास ते तरी सांग." तेव्हा आईने जे सांगितले ते आम्हीही प्रथमच ऐकले. तिचा पाठचा भाऊ चार वर्षांचा असताना देवीच्या रोगाने गेला. "दवाखाना लांब. आमच्या वस्तीत कोण येतंय? आईनं देवीला हात जोडले, दुसरं कुणी होतंच नाही हात जोडायला. टोचणारा माणूस आला तो भाऊ गेल्यावर." तिने दंडावरचा लसीचा व्रण नातवाला दाखविला. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. तो रोग कोणी घालविला हे नातवाने आजीला समजावून सांगितले, आणि आजीने ते ऐकून घेतले, कारण या वेळी आधी तिचे ऐकून घेतले होते.

पुढचा नारळ जाणार की नाही, हे आम्ही तिला विचारलेले नाही. मात्र सध्या ती शिवत असलेल्या गोधडीच्या मधोमध तिने नातवाकडून दोन अक्षरे काढून घेतली आहेत: 'धंम'. अशोकाच्या लेखांत जोडाक्षराऐवजी टिंब देऊन असेच लिहितात. तिला लिहिता-वाचता येत नाही. आयुष्यात उमटवलेली पहिली अक्षरे तिने सुईने उमटवली.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आमचे उत्तर एवढेच. पाण्याचा अर्ज आम्ही लिहिलेला आहे, दाखल्यांचा पाठपुरावाही सोडलेला नाही. पण मोर्चात दिलेली घोषणा घरच्या ताटापर्यंत कशी न्यायची, हे आम्हाला या रविवारच्या अक्षरांनी शिकविले. वाचकांनीही आपल्या घरी एखादा छंद धरावा. लिपी असो, पेटी असो, शिवण असो. त्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना एकत्र बसवावे. मुलांसह सोपारा स्तूपही एकदा पाहून यावा.

जयभीम. नमो बुद्धाय.