अडलेली छक्की

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाच्या बशा उचलल्या गेल्या, की आमच्या घरी सतरंजीवर पत्त्यांचा कॅट येतो. खेळ ठरलेला, बदाम सात. आपणांस तो ठाऊक असेलच. सत्तीच्या वर आणि खाली त्याच रंगाची पाने क्रमाने लावायची. लागणारे पान हातात असेल तर लावलेच पाहिजे. नसेल तरच 'पास'. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकला.

गेल्या दिवाळीत डाव भलताच अडला. बदाम, चौकट आणि किलवर पुरे लागले होते. इस्पिकचीही सत्तीपासून राजापर्यंतची पाने खाली होती. हवी होती फक्त छक्की. मी पास म्हटले, सौ. पास, चिरंजीव पास आणि अण्णाही पास!

आता ५२ पाने चौघांत वाटलेली. छक्की कुणाच्या तरी हातात असणारच. मी मनाशी हिशेब मांडला. माझ्याकडे दोन पाने, चव्वी आणि एक्का. सौ. आणि चिरंजीव यांच्याकडे एकेकच पान. दोघांपैकी कुणाकडे छक्की असती, तर ती टाकून तिथेच डाव जिंकता आला असता; मग लपवील कशाला? राहिले अण्णा.

उत्तर सापडले आणि मी चरकलो. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले अण्णा, लहानपणी मी एकदा खोटा पास म्हटला म्हणून आठ दिवस मला डावात न घेणारे अण्णा, नातवापुढे पान दाबून बसतात?

"अण्णा, छक्की तुमच्याकडेच आहे," मी जरा तिखटपणेच म्हणालो.

"छे रे! माझ्याकडे दुर्री आणि पंजी. मघापासून मीच छक्कीची वाट बघतोय."

"पंजी तर माझ्याकडे आहे, आजोबा!" चिरंजीव ओरडले.

अण्णांनी पान डोळ्यांजवळ नेले, दिव्याकडे धरले आणि मुकाट्याने खाली ठेवले. इस्पिकची छक्की होती. कुणीही हसले नाही.

'उच्चार सुधारतील' असे सांगून गेले दोन महिने अण्णा नातवाकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेत होते. पत्त्यांचा हिशेब मला दोन मिनिटांत जमला. हा मात्र दोन महिने जमला नव्हता.

भाऊबीज झाल्यावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेक करून दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर पहिल्यांदा डाव मांडला, तेव्हा अण्णांनी पाने हातात घेतली, नीट न्याहाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय रे हा मळकट कॅट! इतके दिवस यानेच खेळत होतो आपण?"