साबणाचं पाणी

गेल्या हिवाळ्यात आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या आठवीच्या २२ मुलींना घेऊन मी लोणारला गेले. माझी फुफी तिथेच राहते, त्यामुळे दुपारच्या जेवणाची काळजी नव्हती.

काठावर उभं राहताच मुलींची बडबड थांबली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून हे घडलं, हे पुस्तकात शिकवलेलं. पण डोळ्यांनी पाहणं वेगळंच. खाली उतरून लाल लिटमस बुडवला. तो निळा झाला, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तिथेच मी त्यांना अबुल फजलबद्दल सांगितलं. 'आईन-ए-अकबरी'त या सरोवराची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, असं त्यात लिहिलेलं आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला माणूस आपल्या जिल्ह्याबद्दल लिहून गेला, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हेही सांगितलं. गावाचं सांडपाणी आणि गोडं पाणी आत येत राहिलं, तर हा खारेपणा उतरतो आणि फक्त खाऱ्या पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव धोक्यात येतात, हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच असावा. वर्गात चढतो तसा.

फुफीने खिचडी-खट्टा केला होता. जेवण झाल्यावर मुली मोरीवर हात धुवायला रांगेत उभ्या राहिल्या. एकीने साबणाचा फेस नालीतून वाहताना पाहिला आणि विचारलं,

"टीचर, ये पानी कां जाता?"

मी फुफीकडे पाहिलं. ती सहज म्हणाली, "कां जाता बेटा? नीचे. तालाब में."

मी गप्प झाले. लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत मी याच मोरीवर कपडे धुतले होते. ज्या तलावाने कधी लोकांना साबण दिला, त्यालाच आपण साबणाचं पाणी पाजत होतो. आणि तासाभरापूर्वी मी "गावाचं सांडपाणी" असं म्हणाले होते, जणू ते गाव दुसऱ्या कुणाचं होतं.

महिन्याभराने फुफीच्या मुलाने परसात शोषखड्डा खणला. विटांचे तुकडे आणि वाळू भरून मोरीचं पाणी तिकडे वळवलं. ही खबर मी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितली. तीच मुलगी उठली.

"और बाकी घरां, टीचर?"

बी.एड.ला प्रश्न कसे विचारावेत हे शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून त्या मुलीला देणं लागते.