डग्ग्यापुरता बेस

सबवूफर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? मिरवणुकीतला डीजे, किंवा काळ्या काचांची धडधडत जाणारी कार. बाबांच्याही डोक्यात तेच होतं. मी ‘सबवूफर आणू या’ म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘काहून बे? घरात वरात काढाची हाय का?’’

बाबा अकोल्यात तीसेक वर्षं भजनी मंडळात तबला वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालणं बरंचसं सुधारलं, हात नाही. तबल्यात डावा हात म्हणजे डग्गा. मी अमरावतीतून घरूनच काम करतो, म्हणून आईबाबांना इकडे आणलं. सामानात त्यांचा जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर होता. मोठे स्पीकर मात्र आणण्यासारखे राहिले नव्हते. वूफरच्या कडेच्या फोमचा भुगा झाला होता. त्यांच्या जागी मी पाच इंची वूफरचे छोटे स्पीकर लावले. आवाज एकदम स्वच्छ. बाबांनी दोन दिवस ऐकलं आणि बंद केलं. ‘‘डग्गा कुठी गेला?’’ एवढंच विचारलं.

प्रश्न बरोबर होता. डग्ग्याचा मूळ सूर साधारण शंभर हर्ट्झच्या आत असतो, आणि या स्पीकरचा आवाज ८५ हर्ट्झखाली झपाट्याने उतरतो. तबल्याच्या शाईमुळे पुडीचे उपस्वर सुरेल प्रमाणात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९३४च्या लेखात सविस्तर मांडलंय. डग्ग्याची शाई मात्र मधोमध नसते, एका बाजूला असते. उरलेल्या मोकळ्या जागेवर तळहात दाबत सरकवला की सूर वर चढतो. छोट्या स्पीकरमधून थाप कळते, हाताचा तो दाब कळत नाही. बाबांना नेमका तोच हवा होता.

आता जुळवाजुळव. पहिली शंका सगळ्यांची एकच असते: अ‍ॅम्प्लिफायर इतक्या वॅटचा, मग सबवूफर किती वॅटचा घ्यायचा? पॉवर्ड सबवूफरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे वॅटला वॅट जुळवायचे नसतात. त्याला फक्त सिग्नल लागतो. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळा आउटपुट नाही, म्हणून मी स्पीकर-लेव्हल इनपुट असलेला सबवूफर घेतला. स्पीकरच्या वायरी जिथे लागतात, तिथूनच आणखी दोन जोड्या सबवूफरकडे नेल्या. या इनपुटचा रोध हजारो ओहमचा असतो आणि स्पीकरचा सहा-आठ ओहम, म्हणून जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर जवळपास काहीच भार येत नाही. जोडताना सगळं बंद ठेवायचं. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निगेटिव्ह टोक ग्राउंडला जोडलेलं नसतं, तेवढं मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्यायचं. या जोडणीचा फायदा असा की आवाज कमी-जास्त करायला एकच नॉब राहतो, बाबांच्या ओळखीचा. त्यांनी तो फिरवला की सबवूफरही मुकाट मागे चालतो.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे स्पीकर जिथे थकतात तिथून सबवूफर ओझं उचलतो. फेजचं बटण शून्य आणि १८० अंशांवर आलटून पालटून पाहिलं. बसायच्या जागी ज्यात बेस भरीव वाटला, ते ठेवलं.

खरा भांडखोर गडी म्हणजे खोली. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ५० हर्ट्झची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. आमचा हॉल साडेतीन मीटरचा, म्हणजे बरोब्बर अर्धी लाट. तो सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो आणि हॉलच्या मध्यावर गायब होतो. (मे महिन्यात, ४५ अंशांत, आवाज ३५८ मीटरने धावतो. वऱ्हाडचं ऊन त्यालाही पळवतं.) यावर जुनी युक्ती आहे. सबवूफर बाबांच्या खुर्चीवर ठेवला, तबल्याची एक रेकॉर्डिंग लावली आणि मी भिंतीकडेने रांगत ऐकत फिरलो. जिथे डग्गा सगळ्यात मोकळा ऐकू आला, तिथे सबवूफर मांडला. ‘‘काय हरवलं रे?’’ आईने स्वयंपाकघरातून विचारलं. बाबा म्हणाले, ‘‘डग्गा शोधून राह्यला.’’

शेवट उरला सबवूफरच्या आवाजाचा. फोनवरच्या अ‍ॅपचा आलेख सांगत होता, अजून थोडा वाढव. बाबांनी मला बाजूला सारलं आणि उजव्या हाताने नॉब मागे फिरवत नेला. सबवूफर वाजतोय हे कळेनासं झालं, तिथे थांबले. ‘‘भजनात डग्गा आपला अस्तो. गानं बुडवाचं नस्ते,’’ म्हणाले. मी सबवूफरचं बटण बंद केलं, तेव्हा कळलं की काय निघून गेलं. परत चालू केलं.

त्या खुणेवर आता पेनाची रेघ आहे. खालच्या मजल्यावरून तक्रार नाही. मित्र घरी येतात, सबवूफर कोपऱ्यात बघून म्हणतात, ‘‘वाजव ना जरा!’’ तो वाजतच असतो.

फिजिओथेरपी सुरू आहे. डावी बोटं अजून वळत नाहीत. पण रेकॉर्डिंग ऐकताना बाबा आता मध्येच थांबवतात, मागे घ्यायला लावतात आणि मला सांगतात, ‘‘हे बघ, इथं त्यानं मनगट दाबलं.’’ मी तबला कधी शिकलो नव्हतो. गेल्या महिन्यात अकोल्याच्या घरून डग्गा घेऊन आलोय.