पहिल्या भेटीचे अत्तर

मराठी भाषेने नाकाला मान पुष्कळ दिला; काम मात्र फारसे दिले नाही. घराण्याची अब्रू गेली म्हणजे नाक कापले जाते, गर्व झाला म्हणजे ते वर होते, राग तर त्याच्या शेंड्यावरच बसलेला असतो, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता आमच्यासारख्यांच्या नाकी नऊ येतात. वास घेणे हा जो या इंद्रियाचा मूळ धर्म, त्याचा या वाक्प्रचारांत मागमूसही नाही. म्हणून परवा आमच्या भाच्याने जेव्हा विचारले, ‘मामा, रविवारी एका मुलीला प्रथमच भेटावयाचे आहे, कोणता सुगंध लावून जाऊ?’ तेव्हा आम्हांस आधी हसू आले, पण मागाहून बरे वाटले. अशा प्रसंगी आजवर सल्ला घेतला जाई तो पत्रिका, पगार आणि उंची यांविषयी. नाकाची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या स्मरणात नाही.

चिरंजीवांची समजूत अशी, की हा शौक पाश्चात्त्यांनी आपणांस शिकविला. वस्तुस्थिती निराळी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत, ग्रहनक्षत्रे व पर्जन्य यांच्या जोडीने, ‘गंधयुक्ति’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला. आणि सोळा द्रव्यांतून चार चार निवडीत गेल्यास १८२० मिश्रणे होतात, हे गणितही तेथेच मांडून ठेवले. बाराव्या शतकात चालुक्यराजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये गंधाला मानाची जागा दिली. गंगाधर नामक ग्रंथकाराचा ‘गंधसार’ तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांच्या चिकाटीने प्रकाशात आला. तेव्हा पहिल्या भेटीपूर्वी सुगंधाचा विचार करणारा तरुण छचोर ठरत नाही. तो एका जुन्या शास्त्राचा नकळत झालेला विद्यार्थी होय.

आता निवडीविषयी. अत्तर आणि बाटलीतून उडणारा फवारा यांची प्रकृतीच भिन्न. कनोजकडे अजूनही तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून मंद आंच देतात; वाफ वेळूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि तेथे असलेले चंदनाचे तेल तो गंध आपल्यात मुरवून घेते. चंदन तेलकट व स्थिर, म्हणून अत्तर अंगाशी राहते, हळू बोलते. फवाऱ्याचे वाहन मद्यार्क. कोलोन शहरात फारिना याने १७०९ साली आपले सुगंधी पाण्याचे दुकान थाटले, तेव्हापासून या हलक्या, चटकन् उडणाऱ्या सुगंधाने जग जिंकले आहे. त्यातील लिंबू-संत्र्याचा तजेला दहापंधरा मिनिटांत निघून जातो, मग फुले पुढे येतात, आणि संध्याकाळपर्यंत सोबत करतात ती चंदन-कस्तुरीच्या जातीची जड द्रव्ये. दुकानातील कागदाची पट्टी हुंगून जो भुलला, तो पाहुण्याच्या टोपीवरून त्याचे घराणे ठरविणाराच म्हणावयाचा. मनगटावर थेंब घ्यावा, चार तास आपली कामे करावी, आणि मग निर्णय करावा. आपल्या उन्हाची व घामाची परीक्षाही त्यात आपोआप होते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र किती लावावे हा आहे. निसर्गाने नाकाला एक विचित्र खोड दिली आहे: अंगचा वास ते थोड्याच वेळात विसरते. त्यामुळे लावणाऱ्यास वाटते, सुगंध उडाला. तो आणखी लावतो. आणि आगगाडीच्या डब्यात समोर बसलेल्या गृहस्थाचे डोके उठते. नावडते दृश्य दिसले तर डोळे मिटता येतात. श्वास मात्र कोणास थांबविता येत नाही. ज्या मुलीची आपली ओळख अर्ध्या तासाचीही नाही, तिच्या श्वासात आगंतुकासारखे शिरण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? हात पुढे केला असता जेवढे अंतर राहते, त्याच्या आतच आपला सुगंध असावा. बाकीचे अंतर तोडावे की राखावे, हे तिने ठरवावे.

आमचा हा आग्रह काहींस विनोदी वाटेल. परंतु गंधाची वार्ता मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे इतर इंद्रियांच्या मानाने फारच जवळच्या वाटेने जाते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि त्याचा अनुभव आमच्या घरी आलेला आहे. २०२१ च्या साथीत आमच्या सौभाग्यवतींची घ्राणशक्ती गेली. ताप गेला, खोकला गेला, पण वास परत येईना. दूध करपले तरी कळत नसे. ‘घर परक्याचे झाल्यासारखे वाटते,’ असे त्या एकदा म्हणाल्या, आणि आम्हांस उत्तर सुचले नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार कुप्या त्या सकाळ-संध्याकाळ हुंगीत. चौथ्या महिन्यात कपाट आवरताना त्या एकाएकी थबकल्या. हातात आमचा जुना कोट होता, आणि खिशात वाळ्याच्या अत्तराचा फाया. ‘हा तुमचा वास,’ त्या म्हणाल्या. पाहण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या मातोश्रींनी आमच्या मनगटाला वाळाच लावला होता. त्या दिवशी आम्ही पाच मिनिटांत काय बोललो, ते त्यांस मुळीच आठवत नाही. विद्वत्ता दाखविण्याचा आम्ही बराच प्रयत्न केला होता. राहिला तो वाळा, आणि तो राहिला याचे कारण पुढची सारी वर्षे उन्हाळा आला की आम्ही तोच लावीत आलो.

पूर्वीच्या पाहण्यात मुलीने गजरा माळून, मान खाली घालून बसावयाचे आणि मुलाने परीक्षक व्हावयाचे, अशी रीत होती. आज दोघेही परीक्षक आणि दोघेही उमेदवार आहेत. हा बदल आम्हांस सर्वस्वी इष्ट वाटतो. पण उमेदवारीत सोंगाचा मोह फार. आणि मित्राकडून एका संध्याकाळपुरता मागून आणलेला भारी किंमतीचा सुगंध हे सोंगच होय. उद्या, परवा आणि दहा वर्षांनंतरच्या सामान्य मंगळवारी जो आपल्या अंगावर असू शकेल, तोच पहिल्या दिवशी असावा. मग तो वाळा असो, मोगरा असो, की नुसता चांगल्या साबणाचा असो.

ज्या घरांतून मुलेमुली अशा भेटींस निघत असतील, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे, की त्यांनी दारात उभे राहून उपदेश करण्याऐवजी एक लहानसे काम करावे. लावणाऱ्याचे नाक त्या वेळी निकामी झालेले असते. आपले शाबूत असते. अतिरेक झाला असेल तर तसे सांगावे आणि ओला रुमाल पुढे करावा.